हिरामणशेठचा तारांकित प्रश्न

२८ ऑक्टोबर

आज मितेशचं थोबाड फोडायचं राहून गेलं. एक तर ताई मध्ये उभी राहिली, आणि दुसरं म्हणजे त्याच्या जिममध्ये लावलेलं गाणं मला आवडलं आणि मी ते ऐकत उभा राहिलो. लिहून ठेवतो, नाहीतर आठवड्याभरात राग विरून जाईल. माझं काहीच टिकत नाही ही गोची आहे. कॉलेज टिकलं नाही (दोनदा), पुण्याची नोकरी टिकली नाही, हिमाचलात कसोलच्या हॉस्टेलातली टिकली असती पण मला थंडी टिकली नाही. म्हणून ही डायरी. फक्त रागासाठी.

झालं ते असं. माझी ताई, मैत्री, महापेच्या गोडाऊनमध्ये दिवसभर डबे स्कॅन करायची आणि बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, संडासच्या रांगेत मोबाईलवर बी.कॉम. शिकायची. ऑनलाइन पदवी. विद्यापीठ परराज्यातलं, नाव लिहीत नाही, शाई वाया. त्याचं 'केंद्र' कोपरखैरण्यात डेअरीच्या वरती होतं, ते चालवायचा मितेश. मितेश म्हणजे आमचे खासदार हिरामणशेठ यांचा भाचा. फीत मामानेच कापली होती. पहिली विद्यार्थिनी म्हणून ताईला हिरामणशेठच्या हातून टॅब मिळाला, तो फोटो आई आल्यागेल्याला दाखवायची.

तीन वर्षांनी पदवी आली. बँकेची परीक्षा ताई पास झाली. बँक म्हणाली, हा कोर्स दिल्लीच्या मान्य यादीत दिसत नाही. ताई केंद्रावर गेली तर केंद्राची जिम झालेली.

आज आम्ही दोघं परत गेलो. मितेश आरशात दंड बघत होता. म्हणाला, "तुजी बहीन फोनवर शिकली ना? मग फोनवरच नोकरी कर म्हनावं."

मामा-भाचे दोघांनाही भर चौकात नागडं करणार. लिहिलं. तारीख वर आहे.

३१ ऑक्टोबर

ताई मला अश्विनऐवजी अशा म्हणते. आज म्हणाली, "अशा, तू यात बोट घालू नको. आमचं काम चाललंय."

तिच्यासारख्या फसलेल्या पोरांचा एक ग्रुप आहे. ते दिल्लीला पत्रं पाठवतात, संसदेच्या कुठल्याशा समितीला, मंत्रालयाला. दिलेल्या परीक्षांचे क्रेडिट दुसऱ्या मान्य विद्यापीठाने धरावेत असं काहीतरी मागतात. बँकेने हो म्हटलेलं नाही, नाही पण म्हटलेलं नाही. 'पडताळणी चालू' असा शेरा मारून ताईला तात्पुरतं काउंटरवर बसवलंय. ती बरंच समजावून सांगत होती. पत्रात कुठले शब्द वापरायचे आणि कुठले अजिबात नाही, असंही काहीतरी. समोर भागीरथीमावशीचं मांजर बोंबील वाळत घातलेल्या वलाणीखाली टपून बसलं होतं आणि मावशी काठी घेऊन त्याच्यामागे टपून बसली होती. मांजर जिंकलं.

पत्रं पाठवून कुणी मेलंय का आजपर्यंत?

५ नोव्हेंबर

देव नाही असं पप्पा म्हणतात. पण भागीरथीमावशी आहे. ती आमची घरमालकीण, घणसोली गावातली जुनी आगरी बाई. आज भाडं घ्यायला आली आणि मी रील कापत बसलेला बघून म्हणाली, "तुना मोबाईलचं सगलं कलतं ना रं? हिरामनला रीलवाला पोऱ्या पायजे हाय. माज्या मायेरचा हाय तो. मी सांगतंय."

आईचा चेहरा उजळला. ताई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मी म्हटलं, जातो की मावशी, उद्याच जातो.

शत्रूच्या घरात पगारी शिरायला मिळतंय.

१० नोव्हेंबर

खासदारांचं जनसंपर्क कार्यालय. खाली रिअल इस्टेटवाला, वर हे. चहा चांगला मिळतो. हिरामणशेठ महिन्यातून चार दिवस असतात, बाकी दरबार राजवर्धनचा. राजवर्धन म्हणजे पीए. कोल्हापूरकडचा, केस तेल लावून बसवलेले. त्याच्यासमोर माणूस रडत असला तरी तो आधी त्याला "बसा की" म्हणतो.

मला कसोलच्या नोकरीमुळे हिंदी लिहिता-बोलता येतं हे त्याला कळलं आणि माझं नशीब फळफळलं. अधिवेशन तोंडावर आलंय. खासदाराने किती प्रश्न विचारले ते दिल्लीत मोजलं जातं, पेपरात छापून येतं. म्हणून राजवर्धन प्रश्नांचा गठ्ठा बनवतो. मी हिंदीत टाइप करायचं, साहेब एका बैठकीत सगळ्यांवर सह्या करतात.

"साहेब वाचत नाहीत?"

"वाचायचं काय त्यात? प्रश्न म्हणजे हळदीकुंकू. सगळ्यांना लावायचं, कुणाला झोंबता कामा नये." मग नमुना दाखवला. देशात मिठागरं किती. रेल्वे स्थानकांवर पंखे किती. "उत्तर येतं, फाइलला लागतं. पुण्य जमा."

सगळ्यात मजेची गोष्ट त्याने सहज सांगितली. प्रश्न दोन जातीचे. साध्याला लेखी उत्तर येतं आणि विषय संपतो. दुसऱ्याच्या डोक्यावर तारा असतो, तो तारांकित. सोडतीत वर नंबर लागला तर खासदाराला सभागृहात उभं राहावं लागतं, मंत्री तोंडी उत्तर देतो, वर पूरक प्रश्न येतात, आणि सगळं टीव्हीवर.

एवढीशी चांदणी. मी दुपारभर तिच्याकडेच बघत होतो.

१४ नोव्हेंबर

टाकला.

गठ्ठ्यात मधोमध, मिठागरांच्या खाली आणि नारळ विकास मंडळाच्या वर. शिक्षण मंत्र्यांना. तारांकित. असा: क, अमुक विद्यापीठाची नवी मुंबईतल्या केंद्रांमार्फत दिलेली ऑनलाइन पदवी मान्य नाही, हे खरं आहे का, ख, असल्यास, अशी केंद्रं कुणी उघडली, ग, सरकारने त्यांच्यावर काय कारवाई केली.

ख माझा लाडका. ख वाचायला हिरामणशेठ स्वतः उभे राहणार. स्वतःच्या भाच्याबद्दल. सगळ्या देशासमोर. नंतर कुणीतरी विरोधी बाकावरचा उठून विचारणार, फीत कुणी कापली? फोटो माझ्याकडे आहेच, वेळेवर सोडीन.

साहेब आले, जाकीट काढलं, सह्या करायला बसले. एकीकडे फोनवर कुणाच्या तरी साखरपुड्याची तारीख ठरवत होते. माझ्या कागदावर पेन जरा थांबल्यासारखं वाटलं. पण तेवढ्यात खाली कुणाची तरी नवी बुलेट आली, तिचा फटाक्याचा आवाज ऐकून मी गॅलरीत धावलो. परत आलो तोवर गठ्ठा बांधून झाला होता.

२२ नोव्हेंबर

मध्ये लिहिलं नाही. करंजाला गेलो होतो, एकजण म्हणाला बोटीवर दोन दिवस घेऊन जातो. दोनाचे पाच झाले. आई चिडली. ताई म्हणाली, "बरं झालं, तेवढे दिवस शांतता होती." हसून म्हणाली.

तिचं बँकेत चांगलं चाललंय. एका म्हाताऱ्याने तिच्यासाठी पेरू आणले म्हणे. मॅनेजर म्हणतो, तपासणी संपली की कायम करून टाकू, तू दिल्लीचा काहीतरी कागद आण. ग्रुपलाही कुणीतरी आतलं भेटलंय, समितीच्या कामाचं. तो म्हणतो जानेवारीपर्यंत थांबा, मार्ग काढतो.

ताई थांबू शकते. तिला कायम थांबता आलं. मला नाही येत.

२ डिसेंबर

लागला. सोडतीत लागला. येत्या सोमवारी, वरच्या नंबरात.

राजवर्धनचा फोन दिल्लीहून आला तेव्हा तो लाऊडस्पीकरवर होता आणि अख्खं ऑफिस ऐकत होतं. "हा ऑनलाइनचा प्रश्न कुणी घातला? अश्विन? आरं, काय केलंस लेका?"

मी म्हटलं, गठ्ठ्यात होता, तुम्हीच दिला असेल.

"मी? मी असला विंचू हळदीकुंकवात ठेवीन व्हय?" मग कागद चाळल्याचा आवाज आला. "साहेबांची सही हाय म्हणल्यावर आता मागं घेतला तर बातमी, विचारला तर बातमी."

आयुष्यात मी एवढा आनंदी कधी झालो नव्हतो. घरी येताना गावातल्या मैदानावर कबड्डी चालू होती, तिथे थांबलो. कुठल्या टीम आहेत ते माहीत नसताना ओरडून घसा बसवला.

७ डिसेंबर

काल आम्ही सगळे दादरला होतो, सहा डिसेंबर. पप्पांच्या कारखान्यातली मंडळी दरवर्षी पाणी वाटायला उभी राहतात, त्यात मीही होतो. ताईने पुस्तकांच्या स्टॉलवरून बँकेच्या बढतीच्या परीक्षेचं पुस्तक आणलं. मी म्हटलं, आधी कायम तर हो. म्हणाली, "होणार."

तिला सांगणार होतो. उद्या अकरा वाजता टीव्ही लाव एवढंच. पण ती पुस्तकाला खाकी कव्हर घालत होती, आणि मला वाटलं, थेट बघू दे. थेट बघण्यात मजा असते.

८ डिसेंबर

ऑफिसात टीव्हीसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. मी मागे उभा. नंबर पुकारला गेला. हिरामणशेठ उठले. नवं जाकीट. कागदाकडे बघितलंही नाही.

"अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघातल्या गरीब मुलांच्या स्वप्नांवर कुणी दुकान मांडलं? मी त्यांचा बाप म्हणून इथे उभा आहे."

बाप म्हणून. बाकं वाजली. माझा ख त्याने असा म्हटला की जणू केंद्र कुणी परग्रहवासीयांनी उघडलं होतं.

मंत्र्यांनी सांगितलं की क ते ग चं निवेदन पटलावर ठेवलं आहे. मग तोंडी: सदर पदवी मान्य नाही. विद्यार्थ्यांनी प्रवेश घेण्याआधी संकेतस्थळ बघावं. शिक्षण समवर्ती सूचीत आहे, केंद्रांवर कारवाई राज्याने करायची. पूरक प्रश्नासाठी कुणी राजस्थानचे उठले, त्यांनी योगाच्या कोर्सबद्दल विचारलं. दुसरे उठले, त्यांच्याकडे नेटवर्कच नाही म्हणाले, सगळे हसले. वेळ संपली. फीत, भाचा, कोपरखैरणे, काहीच आलं नाही.

मी राजवर्धनला (तो परत आलाय) विचारलं, समवर्ती म्हणजे?

"म्हणजे केंद्र सरकार नि राज्य सरकार, दोघांचं लेकरू. म्हणून शेंबूड कुणीच पुसत न्हाई."

फोटो सोडला मी नेटवर, खोट्या नावाने. खाली पहिलीच कमेंट आली: 'साहेबांचीही फसवणूक झाली, तरी आवाज उठवला. सलाम.' त्याला हजारभर लाइक. मी काढून टाकला.

११ डिसेंबर

ताई दुपारीच घरी आली. डबा न उघडलेला. बँकेच्या वरच्या ऑफिसने संसदेतलं उत्तर छापून मॅनेजरला पाठवलं होतं. आता पडताळणी चालू नाही, झाली. मॅनेजरने तिला स्वतः चहा पाजला आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

आई रडायला लागली. ताई नाही. तिने विचारलं, "अशा, तू तिथे हिंदी टाइप करतोस ना? प्रश्न तू लिहिलास?"

मी हो म्हटलं. अभिमान वाटत होता असं नाही, पण खोटं बोलायचं सुचलं नाही.

"कसा लिहिलास? जसाच्या तसा सांग."

सांगितला. तिने क दोनदा म्हणायला लावला.

"मान्य नाही हे खरं आहे का, असं विचारल्यावर ते काय म्हणणार?" ती एवढ्या हळू बोलली की आई रडायची थांबली. "आम्ही एका पत्रात हा शब्द येऊ दिला नव्हता. मान्य, अमान्य. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणी सांगितलंही नव्हतं. आम्ही फक्त विचारत होतो, मुलांचं काय करता. त्या समितीतल्या माणसाचा आज फोन आला. म्हणाला, आता सभागृहात उत्तर गेलंय, माझ्या हातात काही नाही."

मी म्हटलं, पण मी तुझ्यासाठीच.

ती डबा धुवायला गेली. भरलेला डबा. भाजी मोरीत ओतताना तिने एकदाही मागे बघितलं नाही.

१३ डिसेंबर

मितेशच्या जिमची काच फोडायला गेलो. आत पोरं व्यायाम करत होती, त्यातला एक शाळेतला दोस्त निघाला. अर्धा तास गप्पा मारल्या. दगड खिशात तसाच घेऊन आलो.

१९ डिसेंबर

हिरामणशेठनी केबिनमध्ये बोलावलं. एकटं. पेढे पुढे केले.

"प्रश्न तूच टाकलास ना?"

मी पेढा उचलला.

"मना वाचता येत नाय असं त्या राजवर्धनला वाटतंय. मी सगलं वाचतंय. सही करताना वाचला, म्हटलं पोऱ्या कामाचा हाय." पेढा तोंडात टाकून म्हणाले, "भाचा आज ना उद्या गोत्यात येनार होता, मना घेऊनच. आदी जो बोंबलतंय त्याला कोन चोर बोलत नाय. आता मितेशवर केस झाली तरी मामाच फिर्यादी. तुजे उपकार झाले रं."

आणि पगार वाढवून दिला.

मी त्याला नागडं करायला निघालो होतो आणि त्याला जाकीट शिवून दिलं. पेढा खाल्ला मी. चांगला होता, त्याचाच जास्त राग आला.

२ जानेवारी

कोपरखैरणे स्टेशनपासून घणसोलीपर्यंत बॅनर. 'ऑनलाइन शिक्षणाच्या बाजाराविरुद्ध दिल्लीत गर्जना! विद्यार्थ्यांचा बाप, आपला हिरामणशेठ'. बॅनरवर मितेशचा फोटो पण आहे, शुभेच्छुकांत.

पंचवीस तारखेला मैदानावर जाहीर सत्कार. राजवर्धनला स्टेजवर 'फसवणूक झालेले विद्यार्थी' हवेत, सत्कार त्यांच्या हस्ते. मी घरी आल्यावर नोकरी सोडतो म्हणालो.

ताई गेल्या तीन आठवड्यांत माझ्याशी जेवायला ये आणि लाइट बंद कर एवढंच बोललीय. आज म्हणाली, "सोडू नको. विद्यार्थी मी देते."

"तू सत्कार करणार? त्याचा?"

"शाल कुठल्या रंगाची ठेवलीय?"

वेडी झाली असं वाटलं. आईलाही वाटलं.

९ जानेवारी

ताईने मुक्त विद्यापीठात परत पहिल्या वर्षाला नाव घातलं. मान्यता आधी स्वतः तपासली. महापेच्या गोडाऊनमध्ये जुन्या जागेवर घेतलंय तिला. संध्याकाळी ग्रुपची पोरं घरी येतात, जागा नाही म्हणून भागीरथीमावशीच्या पडवीत बसतात. काय चाललंय विचारलं तर म्हणते, "सत्काराची तयारी." मावशी त्यांना चहा देते आणि त्यांच्यात बसते. तिला काय सांगितलंय कोण जाणे, मला बघून पदर तोंडाला लावून हसते.

मी एकदोनदा पडवीत बसायला गेलो. सगळे एकच वाक्य परत परत लिहीत होते, एक शब्द काढ, दुसरा घाल. मला झोप आली.

२५ जानेवारी

हे नीट लिहितो.

मैदान भरलेलं. मी कॅमेऱ्यावर, सगळं थेट चाललेलं. साहेबांच्या पेजवर खूप लोक बघत होते. राजवर्धन स्टेजच्या कडेला. ताई हिरव्या साडीत आली, मागे ग्रुपची पोरं. शाल घातली, श्रीफळ दिलं, पाया नाही पडली. मग माइक हातात घेतला. पीए मंडळींना वाटलं आभार मानणार.

"साहेबांनी दिल्लीत पहिला प्रश्न विचारला," ताई म्हणाली. "आमची पदवी खरी की खोटी. उत्तर मिळालं, खोटी. आता मुलांचा बाप एवढ्यावर थांबेल का?"

लोक म्हणाले, नाही.

"साहेब दुसरा प्रश्न विचारणार आहेत. या मुलांनी दिलेल्या परीक्षा दुसरं विद्यापीठ कधी धरणार, कसं धरणार. आम्ही लिहूनच आणलाय. साहेब आत्ता, तुमच्यासमोर सही करतील."

टाळ्या आधी पडल्या. साहेबांचा हात अजून शालीवरच होता. एका पोराने पेन पुढे केलं, दुसऱ्याने पाठ दिली कागद ठेवायला. भागीरथीमावशी पुढच्या रांगेतून ओरडली, "कर रं हिरामना, लाजतंस कनाला?" अख्खं मैदान हसलं.

राजवर्धनने माझ्याकडे बघून मानेवरून बोट फिरवलं. बंद कर. त्याच वेळी मैदानाबाहेर आईस्क्रीमवाल्याची घंटा वाजत होती, हे मला आठवतंय. मी तिकडे बघितलं नाही. आणि बंद केलं नाही.

सही झाली. साहेब हसत होते, दात आवळून. कागद देताना माइकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, तुना हा कोनी शिकवला?"

ताई म्हणाली, "तुमच्या भाच्याने. फोनवर."

माइक चालू होता.

२६ जानेवारी

नोकरी गेली. राजवर्धनने फोन करून सांगितलं. मग म्हणाला, "बहीण कुठल्या गावची रे तुझी? तिला पीए करायला पायजे हुती." ठेवला फोन.

मला वाटलं ताई आता नीट बोलेल. ती म्हणाली, "व्हिडिओ सेव्ह केलास ना? दर सोमवारी त्यातला एक तुकडा टाकायचा."

१६ मार्च

फ्लेमिंगो बघायला सीवूड्सच्या मागे गेलो होतो, चिखलात पाय गेला, चप्पल गेली. अनवाणी घरी आलो तर ताई हसत होती. डिसेंबरनंतर पहिल्यांदा.

उत्तर आलं. साहेबांनी तारा खोडून साधा प्रश्न पाठवला होता, म्हणून फक्त लेखी. मी वाचलं. क ते घ: विषय विचाराधीन आहे. बस. एवढंच.

"हे काय उत्तर आहे? काहीच नाही बोलले."

"हो ना, नाही पण म्हणाले नाहीत," ताई म्हणाली आणि परत वाचायला लागली, पेढ्याचा डबा असल्यासारखी तो कागद धरून. ग्रुपवर पोरं नाचत होती. मावशीने पडवीत जाऊन बोंबलाची चटणी काढली. मला या लोकांचं काही कळत नाही. मला कुणीतरी तुरुंगात जायला हवं होतं. मितेशचं सुद्धा काही झालेलं नाही, नवा ट्रेडमिल आणलाय म्हणे.

२४ मार्च

आता दर आठवड्याला तेच चाललंय. ताई आणि पोरं प्रश्न लिहितात, दर वेळी नवा कोपरा पकडून: क्रेडिट कोणत्या नियमाने, समितीची बैठक कधी, विचार किती दिवस चालणार. मी व्हिडिओ करतो, 'मुलांच्या बापाचा या सोमवारचा प्रश्न'. बॅनर अजून उतरलेले नाहीत, मी प्रत्येक व्हिडिओत एक बॅनर मागे घेतो. लोक विचारतात साहेब सही झाली का. साहेब सही करतात. दुसरं काय करणार?

भागीरथीमावशीने बातमी आणली. दिल्लीत त्यांच्याच पक्षाच्या लोकांनी हिरामणशेठला बाजूला घेऊन विचारलं, तुमचा मंत्र्यांशी काही वाद आहे काय? शेठ संसदेच्या शिक्षण समितीवर आहेत, तिथून नाव काढायची बोलणी चाललीत. शेठ माहेरच्या लग्नात आला आणि जेवला नाही.

"दोन घास पन नाय," मावशी म्हणाली. मला हे इतकं गोड लागलं की परत सांगायला लावलं.

२९ मार्च

दुपारी फोन. नंबर बघून मला वाटलं शिव्या देणार. आवाज खाली बसलेला.

"अश्विन, तुज्या बहिनीला सांग, बस कर आता. काय पायजे तिला? नोकरी देतंय मी. माज्या ट्रस्टमदी. पर्मनंट. फक्त ते प्रश्न थांबव म्हनावं."

खासदार माझ्याकडे विनवण्या करत होता. ऑक्टोबरपासून मी याच फोनची वाट बघत होतो बहुतेक, फक्त त्यात माझं नाव असायला हवं होतं. मी ताईला जाऊन सगळं सांगितलं, नोकरीसकट. आईने गॅस बारीक केला ऐकायला.

ताई पहिल्या वर्षाचं पुस्तक वाचत होती, बोट ओळीवर. वर न बघता तिने विचारलं, "निवडणूक कधी आहे पुढची?"

"अजून तीन वर्षं आहेत."

"माझीही तीनच गेली," ती म्हणाली. मग बोट ओळीवरून उचललं, पान दुमडलं, आणि माझ्यासमोर लॅपटॉप सरकवला. "टाइप कर. आणि या वेळी तारा टाक."